चि. ऋतास: झेन मिसिंग मारते तेव्हा

ठाणे, १२ जुलै

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

सिग्नलला उभी असताना तुझी मारुती झेन थरथरते, मुंब्रा बायपासच्या चढावर झटके मारते आणि पाऊस पडला की जास्तच, असं तू काल फोनवर सांगितलंस. गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये (इंजिनच्या ज्या नळकांड्यात पेट्रोल जळतं त्यात) ते वेळेवर पेटत नाहीये. दुकानात जाऊन प्लग-वायरींचा सेट उचलू नकोस. आधी किती सिलिंडर मिस होताहेत ते बघ. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

तुझी गाडी १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. स्कॅनर लावून कोड वाचायची सोय तिच्यात नाही, पण एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. चारही सिलिंडरना हवा-पेट्रोलचं मिश्रण एकाच कार्ब्युरेटरमधून जातं. त्यामुळे एकच सिलिंडर मेला असेल तर दोष बहुधा स्पार्कचा, नाहीतर कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा. सगळेच आळीपाळीने अडखळत असतील तर कॉइल (स्पार्कची वीज बनवते), रोटर (ती वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो) किंवा पेट्रोल.

पहिली परीक्षा सायलेन्सरची. गाडी आयडलिंगला ठेव आणि कागदाचा कपटा सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब धर. फडफड एका लयीत चालून ठरावीक ठोक्याला तुटत असेल, तर एक सिलिंडर. कधीही, कसाही झटका बसत असेल, तर दोष सगळ्यांना सामाईक.

आता कोणता सिलिंडर ते शोधायचं. गाडी बेसमेंटमध्ये नको, उघड्यावर घे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रल, ओढणी काढून ठेव, केस बांध. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम कर आणि चोक (गार इंजिनला जास्त पेट्रोल देणारी खुंटी) पूर्ण आत गेलाय ना बघ. मग इंजिन बंद करून टायमिंग बेल्टच्या बाजूच्या पहिल्या प्लगची वायर काढ. वायरीच्या टोपीत एक जादा प्लग बसव आणि त्याचा धातूचा भाग जंपर केबलच्या चिमट्याने इंजिनच्या धातूला पक्का जोड, कार्ब्युरेटरपासून लांब. इंजिन सुरू कर, ऐक, बंद कर. आवाज आणखी पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला तोच. वायर परत लाव आणि पुढचा बघ.

प्रत्येक वेळी दहा सेकंदांच्या वर इंजिन चालवू नकोस. मुंबईत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा डबा) सक्तीचा झाला, तुझ्याही गाडीला तो आहे. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटलं की तो तापून जळतो. आणि चालू इंजिनवर वायर हाताने उपटू नकोस. तिथे वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो. वायर नुसती लोंबकळत ठेवली तर स्पार्क वाट शोधत कॉइलच्या आतच फुटतो आणि कॉइल जाते.

सिलिंडर सापडला की इंजिन गार होऊ दे. हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढलास तर आटे खरवडतात. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ फुंकून काढ, मग एकवीस मिमीचा प्लग पाना लाव. चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांड, खाली नंबर लिही. बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पांढरा फटक म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तेलाने चिकट काळा म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलंय. एकच प्लग पेट्रोलने ओला आणि बाकीचे तपकिरी, तर त्याला स्पार्क मिळत नाही. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर स्पार्क तिथून बाहेरच्या बाहेर निसटतोय. तो प्लग घासून उपयोग नाही, टाकून दे. बाकीच्यांचा गॅप (टोकांमधली फट) फीलर गेजने बघ, साधारण ०.८ मिमी चालेल.

आता मेलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्ये घाल आणि त्याचा इकडे. मिसिंग प्लगसोबत गेली तर प्लग दोषी. जागच्या जागी राहिली तर वायर तपास. एका वेळी एकच गोष्ट बदल. प्लग आणि वायर दोन्ही एकदम बदललंस आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता ते कळणार नाही आणि तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वायरींना कागदी टेपने नंबर लाव. फायरिंगचा क्रम, म्हणजे सिलिंडरना स्पार्क मिळायचा क्रम, १-३-४-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर चांगली गाडीही मिसिंग मारेल.

तुझं दुखणं पावसात वाढतं, म्हणून माझा पहिला संशय वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर, म्हणजे त्या वायरी जिथून निघतात त्या झाकणावर आहे. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेलं पाणी उडून सरळ इंजिनवर येतं, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत टोकं लवकर हिरवी पडतात. चढावर झटके का, तेही यातच आलं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात स्पार्क पडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि वायरीचं रबर तडकलेलं असेल तर वीज प्लगपर्यंत न जाता तिथूनच इंजिनच्या धातूवर उडी मारते. रात्री उघड्या पार्किंगमधले दिवे बंद असताना बॉनेट उघडून इंजिन चालू कर आणि फवाऱ्याच्या बाटलीतून वायरींवर पाण्याचं बारीक धुकं उडव. निळ्या ठिणग्या वायरीवरून चमचमताना दिसल्या, चट् चट् आवाज आला, की वायरींचा पूर्ण सेट बदल. एकच बदलू नकोस, बाकीच्या तेवढ्याच जुन्या आहेत.

ठिणगी दिसली नाही तरी प्रत्येक वायर मल्टिमीटरवर मोज, मोजताना वाकवून बघ. कार्बन कोरच्या वायरीला मीटरभर लांबीमागे साधारण १० ते २० किलोओहम यावेत. एखादी बाकीच्यांपेक्षा फारच वर असली किंवा वाकवताना आकडा उडाला, तर ती तुटलेली. कॅप उघडून आतून उजेडात फिरव: दोन टोकांमध्ये केसासारखी काळी रेघ असेल, मधला कार्बनचा दांडा झिजलेला किंवा स्प्रिंग अडकलेली असेल, तर कॅप आणि रोटर जोडीने बदल. नुसती ओल असेल तर कोरड्या फडक्याने पूस, पेट्रोलने धुऊ नकोस.

फक्त आयडलिंगला खडखड आणि रेस दिली की गाडी मऊ चालते, असं असेल तर हवा चोरून आत जातेय. ब्रेक बूस्टरचा पाइप आणि मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर थोडं साबणाचं पाणी टाक; आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर मारून बघू नकोस, गरम इंजिनवर तो पेट घेतो.

पेट्रोलचंही ध्यानात ठेव. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. आपल्या कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) जुन्या पेट्रोलच्या हिशेबाचे आहेत, म्हणून मिश्रण थोडं पातळच पडतं आणि गार इंजिन जास्त अडखळतं. जुने रबरी पाइपही इथेनॉलने फुगतात. बोटाने दाबून बघ. मऊ, चिकट लागला तर लगेच बदल, मिसिंग असो वा नसो. पेट्रोलची गळती मी एक दिवसही चालू देणार नाही. पेट्रोलचा फिल्टरही त्याच वेळी बदलून टाक.

प्लग, वायर, कॅप सगळं ठीक आणि तोच सिलिंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन मोजायचं. चारही प्लग बाहेर, कॉइलला बॅटरीकडून येणारी बारीक वायर सोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, स्टार्टर पाच-सहा सेकंद. आकडा १५० पीएसआयच्या (दाबाचं माप) वर हवा, आणि चौघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोज: वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असले तर हेड गॅस्केट (हेडच्या खालची पत्री) गेलंय, आणि मग गाडी चालवायची नाही.

नवे प्लग आधी हाताने आटे जुळवून बसव, हाताने घट्ट झाले की पान्याने अर्धा फेरा, बस्स. कॉम्प्रेशन मोजायचा गेज माझ्याकडे आहे, रविवारी ऐरोलीला येताना आणते. तोवर प्लग क्रमाने मांडून फोटो पाठव, नंबर दिसतील असा.

तुझी,
आई