अण्णा, विहिरीबद्दल बोलायला या

ती. माय आणि अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं सांगता येत नाही. अण्णांना ऐकू कमी येतं, आणि माय "जेवलीस का?" एवढं विचारून फोन ठेवून देते. म्हणून पत्र लिहिते आहे. धाकट्याला वाचून दाखवायला सांगा, पण त्याने मधलं गाळायचं नाही.

मुद्द्याचं आधी सांगते. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या कॉलेजातलं भूशास्त्राचं संग्रहालय सगळ्यांसाठी दिवसभर खुलं ठेवतो आहोत. अण्णा, दुपारी अर्धा तास तुम्ही बोलायचं आहे. विषय विहीर, जी तुम्ही आयुष्यभर खोदत आलात. नाही म्हणू नका, कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव गेलं आहे.

संग्रहालय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर धुळ्याचं राजवाडे मंडळ येईल. तेवढं काही नाही हे. जिन्याखालची लांबट खोली आणि तिला लागून प्रयोगशाळा, बस. मी रुजू झाले तेव्हा कपाटांना कुलपं होती, चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली होती आणि निम्म्या दगडांवर नुसता आकडा. आता काचा पुसल्या आहेत, चिठ्ठ्या मराठीत आहेत आणि मुलांना हात लावू देतो. मोडतोड होईल म्हणून काही जण कुरकुरतात. होऊ दे. साडेसहा कोटी वर्षं टिकलेला दगड पाचवीतल्या पोराला घाबरत नाही.

लोक सगळ्यात जास्त थबकतात ते झिओलाइटच्या कपाटाशी. अण्णा, खोदकामात पोकळी फुटली की आत चकाकणारे खडे निघायचे, ते तुम्ही आमच्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचात. तेच हे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, दगड घट्ट झाल्यावर त्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे कोमट पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यात विरघळलेलं सिलिका, चुना, अॅल्युमिनियम पोकळीच्या भिंतींवर हळूहळू बसत गेलं. आमच्याकडे एक नमुना आहे, तळहातावर मावेल एवढा. खाली स्टिल्बाइटचे फिकट शेंदरी झुबके आणि त्यांच्या मधोमध अपोफिलाइटचा एकच स्फटिक. बाजूने पाहिला तर पाण्यासारखा आरपार, वरून पाहिला की मोत्यासारखी झाक. हातात धरून नुसता फिरवत राहावंसं वाटतं.

परदेशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत अशा नमुन्यांखाली "जळगाव, इंडिया" असं लिहिलेलं असतं. इथल्या माणसाला ते ठाऊकच नसतं, कारण चांगला माल खाणीतून थेट व्यापाऱ्याकडे जातो आणि उरलेला क्रशरमध्ये खडी होतो. सिन्नरला 2001 सालापासून गारगोटी नावाचं संग्रहालय आहे, तिथे तुम्हाला एकदा नेणार आहे. पण मला राहून राहून वाटतं, जळगावचा दगड जळगावच्या पोराने आधी जळगावात पाहावा.

मागच्या वेळी मुलांसमोर एक प्रयोग केला. स्टिल्बाइटची चिमूटभर पूड काचनळीत घालून खालून दिव्यावर तापवली. थोड्या वेळात नळीच्या वरच्या, गार भागावर पाण्याचे थेंब जमले. दगड कोरडा, पूड कोरडी, मग पाणी कुठून आलं? स्टिल्बाइटच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा पाणीच असतं, स्फटिकाच्या आतल्या बारीक वाटांमध्ये धरून ठेवलेलं. मला तुमची आठवण झाली. साठ-सत्तर फूट खाली सुरुंग लावून ओल शोधणारे तुम्ही, आणि जो दगड यारीने वर काढून फेकला त्याच्याच पोटात पाणी. अर्थात त्याने पिकाला भिजवता येत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते.

"तुमचा दगड घेऊन या" असं आम्ही पत्रकात छापतो. लोक काय काय आणतात! कुणी वीज पडलेला दगड, कुणी शाळिग्राम, कुणी सोनं म्हणून जपलेला पिवळा खडा. एरंडोलकडचे एक काका पिशवीत गोल गरगरीत धोंडा घेऊन आले. डायनोसॉरचं अंडं आहे, अशी त्यांची पक्की खात्री. खात्री उगाच नव्हती. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धार जिल्हा, आणि तिथे 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं संशोधन 2023 साली प्रसिद्ध झालं. ती बातमी त्यांनी कापून ठेवली होती. पण ती अंडी ज्या थरांत आहेत ते लाव्ह्याच्या खालचे, आधीचे. आपल्याकडे ते थर असलेच तर शेकडो मीटर काळ्या पाषाणाखाली गाडलेले. काकांचा धोंडा बेसाल्टचाच, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचाच होता. खडकाला उभ्याआडव्या भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत मधला गाभा गोल राहतो. मी नखाने एक पापुद्रा सोडवून दाखवला. काका हिरमुसले, पण जाताना धोंडा संग्रहालयालाच देऊन गेले. तो दाराशी ठेवला आहे, अंडं कसं ओळखायचं नाही ते सांगायला.

जीवाश्म आपल्याकडे कमी का, असं पोरं हमखास विचारतात. तापलेल्या लाव्ह्यात काय टिकणार? पण दोन उद्रेकांच्या मध्ये शांतता असायची, तळी साचायची, झाडं वाढायची. अशा तळ्यांतले शंख आणि ताडाची दगड झालेली खोडं नागपूर-छिंदवाड्याकडे सापडतात. आमच्याकडे तिकडचा एक गाळाचा तुकडा आहे, त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान शंख आहेत, वेटोळी स्पष्ट दिसतात. मुलं भिंग घेऊन त्यावरच तुटून पडतात.

आणि पाटणं! चाळीसगाव तालुक्यातलं, पितळखोऱ्याच्या वाटेवरचं. तिथे 1970 च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळींनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली. एका तुकड्यावर कुणीतरी बारीक रेघांची जाळी कोरलेली आहे, आणि तो सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा आहे. मणीसुद्धा आहेत, त्याच कवचांचे. आपल्या खानदेशात शहामृग! 2017 साली हैदराबादच्या प्रयोगशाळेने भारतात सापडलेल्या अशा कवचांतून डीएनए काढून ते खरोखर शहामृगाचंच असल्याचं सिद्ध केलं. आम्ही फक्त मोठा फोटो लावला आहे, प्लास्टिकची नक्कल ठेवायला मी विरोध केला. साक्रीकडची एक पोरगी फोटोपुढे उभी राहून विचारत होती, "मॅडम, आते त्या कोठे गयात?" सगळे हसले. प्रश्न मात्र बरोबर होता, त्यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं: गवताळ माळ, कोरडी हवा, मग बदललेला पाऊस.

आता तुमच्या कामाचं. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत विहिरीचा काप उभा केला आहे. खऱ्या मालाचाच, आपल्याच शिवारातून धाकट्याने ट्रॅक्टरमधून पाठवलेला. वर काळी माती, मग चुनखडी, मुरूम, मांजऱ्या (पोकळ्यापोकळ्यांचा मऊ खडक), मध्ये गेरूचा तांबडा पट्टा आणि खाली काळा पाषाण. शेजारच्या पाटीवर कोणता थर कशाने बनला ते मी लिहिलं आहे. पण कोणत्या थराला पहार लागते आणि कोणत्याला सुरुंग, मांजऱ्याला पाझर फुटायच्या आधी दगडाचा आवाज कसा बदलतो, हे मी कुठून लिहू? ते कुठल्याच पुस्तकात नाही, ते तुमच्या कानांत आहे. (तेच कान आता ऐकत नाहीत, त्याला त्या सुरुंगांचाच हातभार आहे. मशीन लावायला मी परत सांगते.)

गेरूबद्दल जरूर बोला. गेरू लागला की तुम्ही कपाळाला हात लावायचात: भिजला की फुगतो, कड ढासळते, मालकाच्या मागे लागून बांधकाम करून घ्यावं लागतं. माय मात्र त्याच ढिगातून टोपलीभर आणून तुळशीचा ओटा रंगवायची. हा तांबडा थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली विश्रांती. पहिल्या लाव्ह्यावर माती धरली, राख पडली, आणि वरून दुसरा लाव्हा आला. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या घाटांतल्या अशाच थरांतून झिरकॉन नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण वेचले. त्या कणांतल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होतं, त्यावरून वय मोजलं. 2015 आणि 2019 साली त्यांनी निष्कर्ष मांडले: दख्खनच्या लाव्ह्याचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतच ओतला गेला, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमारास. काळ्या पाषाणात असे कण सहसा मिळत नाहीत. गेरूने सांगितलं, तुम्ही ज्याला शिव्या घालायचात त्याने.

दुसरं ते गावाच्या उत्तरेचं. ती दगडी धार, जिला आजी पांडवांची भिंत म्हणायची. जमिनीला उभी भेग पडून तिच्यात लाव्हा भरला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचा खडक झिजला, हा कठीण म्हणून उभा राहिला. आम्ही तिला डाइक म्हणतो. धुळे-नंदुरबारकडे अशा दोनशेहून जास्त आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम, तापीला समांतर. त्या धारेच्या वरच्या अंगाला विहीर घ्या, खालच्या अंगाला पैसे घालू नका, असं तुम्ही लोकांना सांगायचात. घट्ट डाइक जमिनीतलं पाणी अडवतो, हे मला एम.एस्सी.ला शिकवलं तेव्हा मी वहीच्या समासात तुमचं नाव लिहिलं होतं. भेगाळलेला डाइक उलट पाणी वाहून नेतो. तोही अनुभव तुम्हाला असेल, तर तोही सांगा.

भाषेची काळजी करू नका, अहिराणीत बोला. समोर निम्मे लोक आपलेच असतील, उरलेल्यांना मी सांगेन. मी अकरावीत असताना तुम्ही विचारलं होतं, "दगडं गोया करीसन पोट भरस का?" ते मात्र तिथे सांगू नका, माझे विद्यार्थी बसलेले असतील.

शनिवारी सकाळची गाडी धरा, धुळ्याला बदलावी लागेल. मायचा गुडघा दुखतो, तेव्हा पुढचं बाक धरायचं आणि जिन्याची चिंता सोडायची, खोली तळमजल्यावरच आहे. माय, मोठं जातं आणू नकोस, जड होतं. पण टाकी लावायची छिन्नी असेल तर आण. जात्याचे दात कसे पाडतात ते तुझ्याकडून पोरांना दाखवायचं आहे. अण्णांनी छोटी पहार आणि सुतकी आणावी. गोळ्यांची डबी विसरू नका.

गाडी सुटली की धाकट्याने फोन करावा, मी स्टँडवर येते.

तुमची,
बेबी

ता. क. कळण्याचं पीठ इथे धड मिळत नाही. दोन किलो पुरे, माय. दहा आणशील हे मला माहीत आहे.