काका, वही परत आली तेव्हाच बोलायला पाहिजे होतं

काका, नमस्कार.

अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाला तुम्ही आलात, मागच्या रांगेत बसून जेवलात आणि मी जवळ येऊन त्या नोव्हेंबरचं काढलं तर "अगं ते जाऊ दे, पोरगं कसंय तुझं" म्हणून उठलात. दरवेळी असंच होतं, समोर बोलले की तुम्ही विषय बदलता आणि मग माझ्याही घशात अडकतं, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. इथं सगळ्यांसमोर लिहितेय कारण अण्णा कोण होते आणि तुम्ही काय केलंत हे आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या बाहेरच्या लोकांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या अण्णांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी घालायचं काम. तुमचंही तेच, आणि दुकान बरोबर समोर, मध्ये फक्त रस्ता. एकाच गिऱ्हाईकाकडे दोघांची नजर, त्यामुळे माझ्या लहानपणी तुमच्यात फार बोलणं नव्हतंच. कोण पाच एचपीला किती घेतो यावरून कधीतरी वाजलं होतं म्हणे, आई सांगते. मी तर लहान असताना तुम्हाला नुसतं "समोरचे" म्हणायचे.

अण्णा मूळचे किल्लारीच्या बाजूचे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आत भूकंप झाला, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. दगडमातीची माळवदाची घरं, ती बसली ती अंगावरच. आजोबा त्यात गेले. अण्णा बावीस वर्षांचे होते, मागे आजी आणि तीन लहान भावंडं. शेतात राबून एवढ्यांचं भागणार नाही म्हणून लातूरला एमआयडीसीत एका वाइंडिंगवाल्याकडे हेल्पर म्हणून लागले, आधी नुसतं जुनी तार तोडून काढायची, वर्षभर तेवढंच. दोन्ही आत्यांची लग्नं, माझ्या सख्ख्या काकाचं शिक्षण, सगळं त्या तारेवर झालं. या दिवसांबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण स्वतःचं घर बांधलं तेव्हा पत्रा टाकला, स्लॅब नको म्हणाले, आणि त्यावर आईशी वाद पण घातला नाही, नुसतं नको म्हणाले.

त्यांचे हात तुम्ही पाहिलेत काका, तुमचेही तसेच आहेत. तारेने कापून कापून बोटं इतकी खरखरीत की आईच्या साडीला हात लागला तर धागा निघायचा, म्हणून सणाच्या दिवशी ते साडीची घडी सुद्धा उचलायचे नाहीत. घरी आले की आधी घासलेटने मग निरम्याने हात धुवायचे तरी व्हार्निशचा वास जायचा नाही. मला अजून कुठे व्हार्निशचा वास आला की संध्याकाळचे साडेआठ वाजलेत असंच वाटतं.

एक गोष्ट तर मी कुणालाच सांगितली नाहीये. कॉइल गुंडाळताना टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजावे लागतात, मध्ये कुणी बोललं आणि आकडा चुकला तर सगळी कॉइल परत सोडायची, त्यामुळे अण्णा मोजत असले की दुकानात कुणी तोंड उघडायचं नाही, शेतकरी सुद्धा दारातच थांबायचे. पण माझी शाळा सुटली आणि मी दप्तर घेऊन दारात आले की ते थांबायचे. खडूने फरशीवर आकडा लिहायचे, अडतीस किंवा चौपन्न काय असेल ते, मग विचारायचे, आज काय झालं? माझं पूर्ण सांगून होईपर्यंत तो आकडा तसाच फरशीवर. मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असे थांबतात.

आणि प्रामाणिक किती. या धंद्यात तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची तार भरून तांब्याचे पैसे घेणारे असतात, हे गिऱ्हाईकाला वरून कळतच नाही. अण्णा मोटर उघडायचे ती शेतकऱ्यासमोर, निघालेली जळकी तार त्याच्यासमोर वजन करायचे, ती परत देणार किंवा बिलातून वजा करणार. मोटर का जळाली ते पण दाखवायचे. तीन फेजपैकी दोन काळे आणि एक कोरा निघाला तर म्हणायचे बघ, तुझ्या लाईनचा एक फेज उडाला होता आणि मोटर तशीच चालू राहिली. सगळेच काळे असले तर, ऑटो लावलाय ना स्टार्टरला? आपल्याकडे सगळ्यांनीच ऑटो लावलेले, लाईट आली की मोटर आपोआप चालू, त्यामुळे डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं आणि कुणाची तरी जळतेच. अण्णा सांगून सांगून दमायचे की ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा. ऐकलं तर स्वतःचंच गिऱ्हाईक कमी होणार, तरी सांगायचे.

आता ते वर्ष. 2015 पासूनच दुष्काळ. पहिल्यांदा काम वाढलं कारण बोअर आटत चाललेले, सहाशे सातशे फुटांवर मोटरी सोडलेल्या, पाणी संपलं तरी कोरड्या चालून जळायच्या. मग भरायलाही कोणी येईना, पाणीच नाही तर मोटर भरून करायची काय. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, त्या दिवसांत अण्णा कूलरच्या आणि पंख्याच्या मोटरी भरत होते. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फोनवर विचारलं की म्हणायचे चाललंय चांगलं. चाललं नव्हतं, मला फार उशिरा कळलं की तारवाल्या दुकानदाराची तेव्हा केवढी उधारी झाली होती.

मग सप्टेंबरात धो धो पाऊस पडला, मांजरा भरलं, बोअरना पाणी आलं आणि वर्षभर बंद असलेल्या मोटरी सगळ्यांनी एकदम चालू केल्या. जाम झालेल्या, लीड खराब झालेल्या, वर ते डीपीचं. दुकानाबाहेर रांग. अण्णा रात्री बारा एक पर्यंत बसायचे, म्हणायचे यंदा उधारी फिटती आणि पोरीची फी पण भागती. दिवाळीनंतर दहाबारा दिवसांनी सकाळी दुकानात कॉइल घालताना त्यांचा उजवा हात खाली पडला तो उचललाच नाही, तोंड वाकडं झालं. लकवा. रस्त्यापलीकडून पळत तुम्हीच आलात, गाडी करून लातूरला तुम्हीच नेलंत, हे भावाने सांगितलं, तो तेव्हा बारावीला होता आणि नुसता उभा राहून रडत होता.

नोटाबंदीचे दिवस होते. पाचशे हजारच्या नोटा बंद होऊन आठवडा पण झाला नव्हता, खाजगी दवाखान्यात जुन्या नोटा चालत नव्हत्या आणि बँकेत एवढी लाईन की आई लाईनीत उभी राहणार की अण्णांजवळ बसणार. मी पुण्याहून पोचले तेव्हा तुम्ही जिन्यात बसला होतात. सुतळीने बांधलेल्या शंभराच्या नोटा तुम्ही आईच्या हातात दिल्या आणि दुसरं काहीच बोलला नाहीत, फक्त विचारलंत, "वहिनी, दुकानाची किल्ली देता का".

नऊ मोटरी पडलेल्या होत्या दुकानात, चौघांकडून ॲडव्हान्स घेतलेला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं लोकांना, ते तरी किती थांबणार. तुम्ही त्या नऊच्या नऊ मोटरी भरल्यात, तुमचं दुकान नऊला बंद करून मग रात्री आमच्या दुकानात बसून, बारा रात्री. पाणबुडी मोटरीचं, बोअरच्या पाण्यात सोडतात तिचं, काम किती किचकट ते मी लहानपणापासून बघितलंय, एकेक टर्न स्लॉटमधून, म्हणजे मोटरीतल्या खाचेतून, हाताने ओढायचा, तारेच्या वरच्या प्लास्टिकला नुसता ओरखडा बसला तरी पाण्यात सोडली की शॉर्ट.

माझ्या डोक्यात मात्र वेगळीच गोष्ट बसलीये काका. त्या मोटरी तुम्ही रस्ता ओलांडून तुमच्या दुकानात नेऊ शकला असतात. तुमच्या हत्यारांनी, तुमच्या उजेडात काम निम्म्या वेळात झालं असतं, कुणी नाव पण ठेवलं नसतं. पण मग शेतकरी मोटर न्यायला तुमच्या दारात आला असता आणि पुढच्या वेळी तिथेच आला असता. तुम्ही आमच्याच दुकानात बसलात, अण्णांच्या फॉर्म्यावर, म्हणजे साच्यावर, कॉइल केल्यात, आमच्याच बिलबुकात बिलं फाडलीत, आणि कोण विचारलं तर सांगितलंत की मिस्त्री येतायत आठ दिवसांत, तोवर मी बसलोय. हे मला तेव्हा समजलंच नाही. नोकरीला लागल्यावर कधीतरी बसमध्ये असताना एकदम समजलं आणि मी रडले.

आणि ती वही. ज्यांचा हा धंदा नाही त्यांना सांगते, प्रत्येक वाइंडिंगवाल्याकडे एक डेटाची वही असते. कुठल्या कंपनीची मोटर, किती एचपी, किती स्लॉट, किती टर्न, कुठला गेज म्हणजे तारेची जाडी, पिच म्हणजे कॉइल किती खाचांच्या अंतराने बसते. वीस पंचवीस वर्षांची कमाई असते ती, समोरच्याला दाखवत नाहीत, अण्णा तर ती गल्ल्याखाली कुलपात ठेवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना थोडं बोलता यायला लागलं तेव्हा तोंडातून नीट शब्द फुटत नव्हते पण भावाला खुणेने सांगितलं, वही यांना दे.

अण्णा घरी आले त्या दिवशी तुम्ही वही आणि पैशांचं पाकीट घेऊन आलात. पाकिटात हिशोबाची चिठ्ठी, तार एवढ्याची, पेपर आणि बांबूपट्ट्या एवढ्याच्या, बाकी सगळे पैसे. मजुरीचा रकाना कोरा. अण्णा डाव्या हाताने पाकीट परत ढकलत होते, तुम्ही म्हणालात आधी बरे व्हा मग भांडू. वही मी नंतर उघडली तर शेवटी अकरा पानं जास्त लिहिलेली, अण्णांचं नव्हे, तुमचं तिरपं अक्षर. आमच्याकडे नसलेल्या मोटरींचा डेटा. तुमच्या वहीतला. बारा रात्री मोटरी भरून परत घरी जाऊन तुम्ही हे लिहीत बसला होतात का?

उजवा हात परत पहिल्यासारखा झाला नाही. पण अण्णा दुकानात जात राहिले, खुर्ची टाकून बसायचे आणि भाऊ भरायचा, आयटीआय करत करत. तुम्ही दोन तीन दिवसांनी यायचात, एखादा स्टेटर, म्हणजे मोटरीचा तार भरायचा भाग, घेऊन, मिस्त्री जरा बघा ओ याला किती टर्न बसतील. अण्णा मान वर करून आकडा सांगायचे, त्या दिवशी जेवण पण नीट करायचे. भाऊ म्हणतो ती साधी छत्तीस स्लॉटची मोनोब्लॉक असायची, काकांनी हजारदा भरली असेल. मी विचारणार नाहीये तुम्हाला, पण मला माहितीये.

अण्णा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या मुलाला मांडीवर घेऊन त्याच्याकडून शंभरपर्यंत आकडे म्हणवून घेत होते, मध्येच तो काहीतरी सांगायला लागला तर थांबले, आईला म्हणाले खडू आण गं, एकोणतीस लिही. नऊ वर्षं होतील आता त्या नोव्हेंबरला. त्यातले बाकीचे सगळे दिवस ते घरात कर्ता माणूस म्हणून जगले, कुणाच्या दयेवर पडून राहिलेत असं त्यांना एक दिवस वाटलं नाही, आणि ते तुमच्यामुळे. काका, मी तुमची लई लई आभारी आहे. आई पण आहे, ती बोलत नाही पण दर दिवाळीला पहिला डबा समोर जातो ना, तो त्याचाच.

पुढच्या शनिवारी मी येतेय औशाला. भाऊ सांगत होता तुमच्या धाकट्याने आता दुकान हातात घेतलंय आणि तुमची जुनी वही पावसात भिजून निम्मी गेली. आमची घेऊन येते, त्यातली तुमची अकरा पानं तर त्याचीच आहेत, बाकीची पण सगळी त्याला फोटो काढून घेऊ देत, अण्णांची सुद्धा. चहा मात्र मी पिणार आहे, उठून जाऊ नका.

तुमची,
मिस्त्रींची थोरली