"शेठ, माझा पगार वाढवू नका": केंद्रीय श्रममंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

अंबड एमआयडीसीत माझं लहानसं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवायचा कारखाना. मस्टरवर अठरा माणसं. एप्रिलमध्ये पगारवाढीची यादी करत होतो, तर आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. "शेठ, माझा पगार वाढवू नका. एकवीसच्या आतच ठेवा."

त्याच्या बायकोचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, ईएसआयच्या म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या कार्डावर. पगार २१,००० च्या वर गेला की चालू सहामाहीपुरती वर्गणी भरायची, मग नाव कमी. बाराशे रुपयांच्या वाढीत तो डायलिसिस कसं भागवणार? आधीच आजारी असलेल्या बाईला कोणती विमा कंपनी दारात उभं करेल? मी यादीतला त्याचा आकडा खोडला. वीस वर्षं प्रेसवर राबलेल्या माणसाची वाढ अशी खोडताना फार वाईट वाटलं.

ही मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये १५,००० वरून २१,००० झाली, ती तिथेच थांबली आहे. इकडे किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि तो बदललाच पाहिजे. किमान वेतनामुळे धंदा बुडतो म्हणणारे माझ्या शेजारच्या गाळ्यांत आहेत. मी त्यांतला नाही. वर्गणीही मला जड नाही. मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे २१,००० वर महिन्याला ६८२ रुपये ५० पैसे. मी ते आनंदाने भरीन. पण पगार वर सरकत राहतो, मर्यादा जागची हलत नाही, आणि ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर फेकला जातो.

पीएफचंही तसंच. वीस माणसं झाली की तो लागू होतो आणि संख्या घटली तरी सुटत नाही. म्हणून विसावा माणूस घ्यायच्या वेळी कोणी बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढतं. मी काढली नाही. पण दिवाळीत मोठी ऑर्डर आली तेव्हा दोन पोरं घ्यायची सोडून असलेल्यांनाच ओव्हरटाइमला बसवलं. ते चुकलंच माझं.

ईएसआयची मर्यादा महागाई निर्देशांकाला जोडा. आणि पहिल्यांदा वीस ओलांडणाऱ्या कारखान्याच्या पीएफमधल्या मालकाच्या हिश्श्याचा काही भार दोन वर्षं सरकारने उचलावा. २०१६ च्या रोजगार प्रोत्साहन योजनेत नव्या कामगारांसाठी तो उचललाच होता.

ईएसआयची पुढची सहामाही १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी निर्णय झाला, तर त्या ऑपरेटरची वाढ मी एप्रिलपासूनच्या फरकासह देईन. रक्कम बाजूला काढून ठेवली आहे.

आपला,
अंबडमधील एक लघुउद्योजक