सभागृहाची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाल्याच्या बातम्या दरवर्षीप्रमाणे यंदाही वाचल्या. गावाचं नाव बदलतं, मजकूर तोच. मी ग्रामसेवक होतो. मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत नोकरी झाली, आता जुळे सोलापुरात राहतो. त्यामुळे बातमीत न छापलेलंही बरंच दिसतं. कायद्याने कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा. तेवढेही जमत नाहीत. तहकूब सभेला मात्र कोरमची अट नाही, म्हणून खरी सभा तीच, असं सगळे धरूनच चालतात. पाच-पन्नास खुर्च्या मांडायच्या, त्यातल्या दहा भरायच्या, चहा व्हायचा आणि मग शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, काखेत मारून सह्यांना घरोघर. बातमीच्या शेवटी ठरलेलं वाक्य येतं की ग्रामस्थ उदासीन आहेत.

त्या वाक्याशी माझं भांडण आहे. हरिनाम सप्ताहाला हेच ग्रामस्थ आठवडाभर राबतात. घराघरातून भाकरी गोळा होतात, काहिलीत आमटी शिजते, वाढप्यांच्या पाळ्या लागतात आणि काल्याच्या दिवशी जमाखर्च भोंग्यावर वाचून दाखवला जातो, कुणी दिलेल्या अकरा रुपयांसकट. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव या गावांवरून माउलींची पालखी जाते तेव्हा गावापेक्षा कितीतरी पट पाहुणे एका रात्रीला उतरतात. त्यांना उपाशी झोपवल्याचं ऐकलंय कुणी? अशी माणसं ग्रामसभेलाच तेवढी उदासीन कशी होतात, हा प्रश्न नोकरीत होतो तेव्हापासून डोक्यात आहे. त्याचं एक उत्तर मला परमुलखात सापडलं. ‘तिकडे बघा किती छान’ छापाची पत्रं वाचून मलाही वीट आलेला आहे, तेव्हा जपून लिहितो.

थोरला मुलगा इंग्लंडात श्रॉपशायर परगण्यात नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे राहून आलो. गाव म्हणजे चर्च, पब, छोटी शाळा, विटांची जुनी घरं आणि भोवताली मेंढ्या नि गव्हाची रानं. आपल्याकडच्या एखाद्या वस्तीएवढंच. मुलगा-सून कामावर गेले की मी मोकळा, आणि भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला की उभं राहून वाचायचा ही नोकरीतली खोड. तिथे चौकात काचेची सूचनापेटी होती. त्यात त्यांच्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, बैठकीची विषयपत्रिका. सुट्टीचे दिवस सोडून पुरे तीन दिवस आधी ती लावावीच लागते. आपल्याकडे ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी काढायची असते, म्हणजे कागदावर आपणच पुढे! पण त्या कागदाशी लोक थांबत होते, कुत्रा फिरवणारेसुद्धा.

ही पॅरिश कौन्सिलं १८९४ च्या कायद्याने आली. इंग्लंडात अशी जवळजवळ दहा हजार आहेत. सदस्यांना सहसा मानधन नसतं. पगार क्लार्कला, तोही बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या थोड्या तासांचा. अधिकार तर आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा कितीतरी कमी. रस्ते, शाळा वरच्या कौन्सिलकडे. घरबांधणीच्या अर्जावर यांनी नुसतं मत द्यायचं. यांच्या वाट्याला बाकडी, खेळाचं मैदान, बसथांब्याची शेड, दफनभूमी, भाजीपाल्याचे भाड्याने द्यायचे वाफे. मी बैठकीला जाऊन मागे बसलो, कुणी हटकलं नाही. गवत कापायचं कंत्राट, एका कुंपणाने झाकलेली रस्त्याची पाटी, कुत्र्यांची घाण. घाणीवर फार वेळ गेला. सदस्य आपसात चिडले, एक म्हातारा लोकांतून उठून काहीतरी खवचट बोलला, सगळे हसले आणि पुढचा विषय आला.

क्लार्कबाईंशी नंतर ओळख झाली. मी त्याच खात्यातला म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली. मला हेवा वाटला तो वसुलीचा. कौन्सिल वर्षाला किती पैसे लागतील ते ठरवतं, वरचं कौन्सिल ते घरपट्टीसोबत गोळा करून देतं आणि प्रत्येक घरच्या बिलावर गावाचा आकडा वेगळ्या ओळीत छापलेला असतो. मार्च आला की पट्टीसाठी दारोदार फिरलेल्या माणसाला ती ओळ पाहून काय वाटतं ते ग्रामसेवकच जाणे. गावासाठी आपण नेमके किती पौंड देतो हे म्हाताऱ्याला पाठ होतं, म्हणून तर तो खवचट बोलू शकला.

भांडणं नसतात असं नाही. चेशायरमधल्या हँडफर्थच्या पॅरिश कौन्सिलची डिसेंबर २०२० मधली ऑनलाइन बैठक पुढे फेब्रुवारीत जगभर पाहिली गेली. सदस्य एकमेकांवर ओरडतायत आणि बैठक सांभाळायला आलेल्या बाईंनी अध्यक्षालाच बाहेर काढलंय! आमच्याकडच्या किती सरपंचांनी ती पाहून सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

पण या पत्राचा विषय कौन्सिल नाही, तिची बैठक जिथे भरली ती जागा आहे. गावाचं सभागृह. एक दालन, छोटं स्टेज, ओटा-चूल असलेलं स्वयंपाकघर, घडीच्या खुर्च्या आणि फरशीवर आखलेल्या बॅडमिंटनच्या रेघा. अशी सभागृहंही देशभर दहा हजारांच्या आसपास आहेत. कितीतरी पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांच्या स्मरणार्थ बांधलेली, त्यांची नावं आत भिंतीवर असतात. बहुतेक ठिकाणी सभागृह धर्मादाय न्यासाचं आणि कारभार गावच्या बिनपगारी समितीकडे. दारावर महिन्याचा तक्ता आणि ताशी भाडं लिहिलेलं. सोमवारी लहान मुलं आणि त्यांच्या आया, मंगळवारी म्हाताऱ्यांचं जेवण, बुधवारी महिला मंडळ, मग योगासनं (हो, आपलीच), शनिवारी कुणाचा वाढदिवस. मतदानाच्या दिवशी तेच मतदान केंद्र. ते महिला मंडळ म्हणजे विमेन्स इन्स्टिट्यूट. कॅनडात सुरू झालेली ही चळवळ १९१५ साली ब्रिटनमध्ये आली. सौ. दोनदा जाऊन आल्या. शेंगाची चटणी केली होती, ती डबीसकट संपली. डबी परत मिळाली नाही, याची चर्चा घरात अजून चालू आहे.

याच सभागृहाच्या मागच्या मैदानात जत्रा भरली. इंग्रजांच्या जत्रेत धूळ नसते, गोंगाट नसतो, त्यामुळे जत्रेत आल्यासारखं वाटत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत वाढलेल्या माणसाला तर मुळीच नाही. पण मजा होती. केकचं वजन ओळखा, नारळाला चेंडू मारून पाडा, सर्वांत लांब शेंग कुणाची, सर्वांत वजनदार कांदा कुणाचा. कांद्यासमोर एक माजी लष्करी अधिकारी आणि शाळेचा शिपाई दोघंही ताठ उभे, परीक्षक फिरतायत. करमाळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याने तो कांदा बघून काय म्हटलं असतं ते लिहीत नाही. जत्रेतून आलेला पैसा सभागृहाच्या छपराला लागणार होता आणि तसा फलक आत शिरतानाच लावला होता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या गावात तरुण दिसतच नाहीत. घरांच्या किमती अशा की गावात जन्मलेल्या मुलाला गावात घर परवडत नाही. शहरातले लोक येऊन दुसरं घर म्हणून ते घेतात. बस दिवसातून मोजक्या. पब, टपाल कचेरी, दुकान बंद पडणं हे तिथल्या खेड्यांचं मोठं दुखणं आहे. त्यावर त्यांनी काढलेला एक उपाय सोलापूरकराला लगेच समजेल, कारण तो सहकाराचा आहे. गावकरी भाग विकत घेऊन दुकान चालवतात. भाग कितीही असोत, मत एकच. गल्ल्यावर बरेचदा गावातलेच लोक पाळीने, फुकट बसतात. कम्ब्रियात हेस्केट न्यूमार्केट नावाचं गाव आहे, तिथला ‘ओल्ड क्राउन’ हा पब गावकऱ्यांनी २००३ मध्ये असाच सहकारी तत्त्वावर विकत घेतला. २०११ च्या एका कायद्याने तर गावाला उपयोगी अशा जागेची नोंद करता येते. मालकाने ती विकायला काढली आणि गावाने इच्छा दाखवली की पैसे उभे करायला सहा महिन्यांची सवड मिळते. लाल टेलिफोनच्या खोक्यांचंही तसंच. टेलिफोन कंपनी ती एका पौंडाला गावाला देऊन टाकते. मग कुठे त्यात पुस्तकं ठेवतात, कुठे बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्याने चालू करायचं यंत्र.

आता आपलं बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, समाजमंदिर, सभामंडप, बहुउद्देशीय सभागृह यांतलं एक तरी सापडेल. काही गावांत तिन्ही. तेव्हा इमारत नाही ही सबब खोटी आहे. वर ‘यांच्या फंडातून’ अशी पाटी, नाव भिंतीच्या निम्म्या लांबीचं. आत काय? सिमेंटची गोठलेली पोती, मागच्या गणपतीचं मखर, कुणाचा तरी कडबा. मी नोकरीला असताना एका गावच्या सभागृहात ज्वारीची पोती उतरवून दाराला कुलूप होतं आणि ते कुलूप सरपंचाचं की शेतकऱ्याचं, हे ठरायला दोन पंचवार्षिक गेली. किल्ली ज्याच्याकडे, त्याचा गट. दुसऱ्या गटाचा माणूस तिथे पाऊल ठेवत नाही, त्याच्या घरच्या बायकाही नाहीत. आणि ग्रामसभा मग भरते कुठे? पंचायतीच्या पडवीत, मे महिन्याच्या उन्हात, पंधरा माणसांच्या जागेत. शंभर लोक आले असते तर बसवले कुठे असते, हे एकदा त्या बातमीदाराने विचारायला हवं होतं. कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची आहे. तिला तर पडवीही मिळत नाही.

सप्ताह का होतो? देवळाला कुलूप नसतं आणि मंडप कुणाच्या फंडातला नसतो. माझ्या मते गाठ एवढीच आहे.

म्हणून जिल्हा परिषदेला आणि त्याहून जास्त सरपंच मंडळींना एक विनंती आहे. नवा निधी मागत नाही, नवी योजना तर नकोच. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर सभागृहाचा विषय घ्या. मालकी ग्रामपंचायतीचीच राहू द्या, रोजच्या कारभाराला समिती नेमा. त्या समितीत दोन्ही गटांचं माणूस हवं, निम्म्या जागांवर बचत गटाच्या बायका हव्यात आणि एखादा निवृत्त मास्तर, कारण वही तोच नीट लिहील. भरतीचा अभ्यास करणारी पोरं सध्या स्टँडवरच्या दिव्याखाली बसतात, त्यांना पहाट आणि रात्र द्या. दुपार बचत गटाला, संध्याकाळ भजनी मंडळाला. लग्नाला भाडं लावा आणि ते दारावर रंगवून टाका, म्हणजे कुणाच्या मेव्हण्याला फुकट मिळणार नाही. वर्षाचा जमाखर्च सप्ताहासारखाच भोंग्यावर वाचा. वीजबिल कोण भरणार, असं विचारणारे उठतीलच. बंद सभागृहाचं थकलेलं बिल आज कोण भरतंय ते आधी त्यांना विचारा.

पहिली दोन वर्षं भांडणं होतील. माठ फुटेल, पंखा चोरीला जाईल, कुणीतरी पत्ते कुटताना सापडेल. ती भांडणं ग्रामसभेत आणायची. त्यासाठी तरी कोरम भरेल.

मोहोळ तालुक्यातल्या एका गावच्या उपसरपंच ताईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, समिती करू, पण किल्ल्या दोन लागतील. एक बायकांकडं.’’ मी म्हटलं, तीन करा.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
जुळे सोलापूर, सोलापूर