गोल करवत पुन्हा फिरवायची आहे

सप्रेम नमस्कार.

उत्तर वेल्समधल्या आमच्या गावात कुठल्याही जुन्या घराच्या उंबऱ्याशी वाकून बघा. दगड निळसर काळा, उन्हाळ्यातही हाताला गार. त्याच्या पुढच्या कडेवर एकाशेजारी एक अशा कमानदार बारीक रेषा दिसतील. नव्या माणसाला ती नक्षी वाटते. मलाही वाटली होती. त्या रेषा गोल करवतीच्या आहेत. असे उंबरे, फरशा, थडग्यांचे दगड कापणारं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एक यंत्र गावाबाहेरच्या बंद गिरणीत अजून उभं आहे. ते पुन्हा चालू करायला आमच्या गावसमितीला मदत हवी आहे, म्हणून हे पत्र.

मराठीत का, ते सांगतो. समितीत मी एकटा मराठी, बाकी सगळे वेल्श. आवाहन काढायचं ठरलं तेव्हा एकाने वेल्शमध्ये लिहिलं, एकीने इंग्रजीत, आणि मला म्हणाले, "तुझ्या भाषेत तू लिही, तुझी माणसं पुष्कळ आहेत." स्वतःची भाषा टिकवायला झगडलेली माणसं दुसऱ्याच्या भाषेची अशी आठवण ठेवतात. मी मूळचा साताऱ्याकडचा. 1976 साली इथल्या एका हॉस्पिटलात छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून आलो आणि इथेच राहिलो. आता निवृत्त आहे, आणि हिशेब बरा जमतो या संशयावरून मला खजिनदार केलेलं आहे.

दगड कुठला, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तो पाटीचा दगड. लाकडी चौकटीतल्या ज्या पाटीवर आपण श्री गिरवला, दसऱ्याला एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, ओल्या फडक्याने पुसून चिमणीला वारा घालायला सांगितलं, त्याच जातीचा. आपल्या हातातली पाटी इथली नव्हती. ती बहुधा आंध्रातल्या मार्कापूरची. पण इथेही शाळेच्या पाट्या निघत. मुख्य धंदा मात्र छपरांचा. जर्मनीतलं हॅम्बुर्ग 1842 साली आगीत होरपळलं, तेव्हा पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरावर इथल्या पाट्या चढल्या. 1898 च्या आसपास धंदा ऐन भरात होता: सतरा हजारांच्या घरात माणसं आणि वर्षाला पाच लाख टनांच्या आसपास माल. एक टन विकाऊ मालामागे दहा टन तरी कचरा निघे. आमच्या खिडकीतून दिसणारे काळे डोंगर निम्मे देवाने केलेले आहेत, निम्मे या कचऱ्याचे. 1951 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा शेजारचं ब्लायनाय फेस्टिनिओग या ढिगांपायी नकाशातून वगळलं; उद्यानाच्या मधोमध गावापुरतं भोक. आणि 2021 मध्ये याच मुलखातल्या खाणींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं! आमची गिरणी त्या यादीत येत नाही. मान नाही त्याची खंत नाही, पण मानाबरोबर येणारा पैसाही नाही.

आता यंत्राकडे येतो.

संगमरवरासारखा दगड कापायला त्या काळी बिनदात्यांची लोखंडी पट्टी वापरत. ती चौकटीत ताणून पुढेमागे ओढायची, खाली वाळू आणि पाणी सोडत राहायचं. खरं कापायचं काम वाळू करते, पट्टी फक्त तिला रगडते. इथेही आधी तशाच करवती होत्या. पण पाटीचा दगड त्या मानाने मऊ, पोलादी दात त्यात शिरतात, म्हणून इथे गोल करवत रुळली. 1846 साली लेखवेदची खाण सुरू करणाऱ्या जॉन व्हाइटहेड ग्रीव्ह्जने या करवतीच्या मेजात सुधारणा केल्या आणि पाटीच्या कडा छाटायला फिरत्या पात्याचं यंत्रही काढलं. आमचं मेज त्याच पठडीतलं.

बिडाची लांब चौकट, कमरेइतकी उंच. तिच्यावर सरकणारं मेज, मेजाला मधोमध खाच, आणि खाचेतून करवतीचा फक्त वरचा भाग बाहेर. दगड मेजावर ठेवून लाकडी पाचरींनी घट्ट करायचा. मेजाच्या पोटाखाली दातेरी पट्टी आणि तिला लागलेलं छोटं चाक, पिनियन. ते फिरलं की मेज दगडासकट करवतीकडे सरकायचं, इतकं सावकाश की नुसत्या डोळ्यांना कळू नये. वर छताशी एकच लांब फिरता दांडा, शाफ्ट, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक करवतीपर्यंत. दोन पुल्या शेजारीशेजारी: एक करवतीच्या आसाला जखडलेली, दुसरी मोकळी. लाकडी दांडक्याने पट्टा मोकळ्या पुलीवर ढकलला की ती एक करवत थांबे, बाकीची गिरणी चालूच. साखर कारखान्यात किंवा जुन्या जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटेल.

मला सगळ्यात आवडते ती यंत्राच्या मर्यादेची गोष्ट. या दगडाला तीन दिशा असतात. एका दिशेने तो पापुद्र्यासारखा सुटतो. दुसरीत, म्हणजे लांबीच्या रेषेत, पाचर मारली की बराचसा सरळ दुभंगतो. तिसरीत मात्र दगड ऐकत नाही. वेडावाकडा फुटतो आणि आठवड्याची मजुरी बुडते. करवत आणली ती या तिसऱ्या, आडव्या कापासाठी. त्यापुढचं काम पुन्हा माणसाचं. कापलेला ठोकळा मांडीला टेकवून कारागीर बसायचा, रुंद पातळ छिन्नी कडेला लावून लाकडी मोगरीने हलकेच ठोकायचा. ठोकळ्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, मधूनच. दगड ओला हवा. वाळला की नीट उकलत नाही. पापुद्रे सोडवायचं हे काम इथे अजूनही हाताने होतं. आपल्याकडे पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईचा हात आठवा. जोर थोडा, अंदाज सगळा.

कापलेल्या पाट्यांच्या मापांची नावं ऐकून मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो होतो. चोवीस बाय बारा इंच ती डचेस, वीस बाय दहा काउंटेस, सोळा बाय आठ लेडी. अंगावर धूळ माखलेला माणूस दिवसभर सरदारघराण्यातल्या बायका मोजायचा. जाड फरशांतून बिलियर्डच्या मेजांचे तळही निघत. स्नूकरचा जन्म 1875 मधला, जबलपूरचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या जिमखान्यात हिरव्या कापडाखाली काय आहे ते जरा विचारून बघा.

आता दुखण्याकडे. गिरणीचं छप्पर अर्थातच पाट्यांचं. काही वर्षांपूर्वी रात्रीत कुणीतरी त्यातल्या निम्म्या काढून नेल्या. जुन्या पाट्यांना बाजारात चांगला भाव आहे. पाट्यांच्या गिरणीत पाट्यांची चोरी, यावर गावात विनोद झाले आणि नंतर पाऊस आला. दोन हिवाळे पाणी थेट मेजावर पडलं. त्याच सुमारास शाफ्ट ज्यांत फिरतो ते पितळी बुशही चोरीला गेले. गेल्या वर्षी आम्ही पत्रे टाकून छप्पर बंद केलं, गंज खरवडला, तेल दिलं. चौकट शाबूत आहे. करवतीचं पातं वाकलेलं नाही. पिनियनचे मात्र तीन दात तुटलेत, चामड्याचा पट्टा कुजून गेलाय, आणि बुश नव्याने करावे लागतील.

यंत्र रंगवून काचेमागे ठेवा, असं सुचवणारे आहेत. समितीने ते मानलं नाही, मीही नाही. उभं यंत्र बघून पोरांना काही कळत नाही. त्यांना ते मोठं टेबल दिसतं. पट्टा सरकला, मेज हललं, कडेवर ती कमानदार रेष उमटली की मग घराचा उंबरा त्यांना वाचता येईल. महिन्यातून एकदा, एकच कापणी, एवढंच आम्हाला करायचं आहे. पूर्वी पाण्याचं चाक होतं. त्याचा खड्डा ढिगाऱ्याखाली गेलाय, म्हणून शाफ्ट फिरवायला छोटी विजेची मोटर बसवू.

आणि एक अट माझी होती, ती समितीने लिहून घेतली आहे. कापणी होईल ती पाणी सोडूनच, पात्यावर आच्छादन घालून, आणि प्रेक्षक काचेच्या पलीकडे. हौशी कौतुकाने मी या यंत्राकडे बघू शकत नाही. या गिरण्यांमध्ये दिवसभर कोरडी धूळ उडे. मी आलो तेव्हा खाणी बहुतेक बंद पडल्या होत्या, पण माणसं होती. एक्स-रे लाइट बॉक्सवर लावला की दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला पांढरे ठिपके, आणि बाहेर बाकावर साठीचा माणूस, तीन पायऱ्या चढून थांबलेला. "किती वर्षं गिरणीत?" विचारलं की उत्तर वर्षांत येत नसे. "चौदाव्या वर्षापासून," एवढंच. ज्या मालकाकडून भरपाई मागायची तो धंदा बंद करून गेलेला. अखेर 1979 साली संसदेने कायदा केला आणि अशा कामगारांना सरकारकडून भरपाई मिळू लागली. तोवर बरेच जण गेले होते. गिरणीच्या एका भिंतीवर हा इतिहास लावायचा आहे. तो मजकूर मी लिहितो आहे.

त्याच भिंतीशेजारी कॅबनची जागा आहे. कॅबन म्हणजे खाणकामगारांची दुपारची जेवणाची खोपी. चहा, पाव, आणि रोज कुणीतरी अध्यक्ष. आज वादविवाद, उद्या पाठांतर, परवा गाणं. आपल्या पारावरच्या गप्पांना कुणी इतिवृत्त लिहायला लावलं असतं, तर साधारण तसंच. तिथला बाक आम्ही दुरुस्त केलाय, त्यावर बसून डबा खाता येतो.

खर्चाचा अंदाज साडेनऊ हजार पौंड. गावातून आणि आसपासच्या वस्त्यांतून चार हजारांच्या आसपास जमले आहेत. सगळ्यात मोठी रक्कम मोटर, वायरिंग आणि सुरक्षिततेच्या काचेवर जाईल. पट्टा आणि बुश त्या मानाने किरकोळ. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांनी देणगीसोबत गिफ्ट एडचा अर्ज भरावा. समिती नोंदणीकृत असल्याने तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आम्हाला आणखी पंचवीस पेन्स मिळतात, तुम्हाला वेगळं काही द्यावं लागत नाही. दहा पौंड आले तरी पावती मिळेल. मी साताऱ्याचा आहे, पावती फाडल्याशिवाय पैशाला हात लावत नाही.

भारतातल्या मंडळींनी कृपा करून पैसे पाठवू नयेत. छोटी रक्कम बँकांच्या शुल्कातच झिजते. तुमच्याकडून दुसरंच हवं आहे.

पहिलं, पिनियन. इथे एक नग ओतून द्यायला कुणी तयार नाही, आणि जे तयार आहेत त्यांचा भाव ऐकून समितीने चहा मागवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा इचलकरंजीकडे बिडाचं ओतकाम करणारं, हाताने लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवणारं कुणी ओळखीचं असेल, तर आमची गाठ घालून द्या. तुटक्या चाकाची मापं, फोटो आणि दातांचे कागदी ठसे आम्ही काढून ठेवलेत. बीड थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, तेवढं पॅटर्नमध्ये वाढवून घ्यायचं, हे जाणणाऱ्या मिस्त्रीला मला काही समजावून सांगावं लागणार नाही. मजुरी आणि पाठवणावळ आम्ही देऊ. फुकट नको.

दुसरं, पाट्या. गिरणीतल्या एका कोपऱ्यात जगभरच्या शाळांच्या दगडी पाट्या मांडायच्या आहेत. माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात दगडी पाटी असेल तर ती हवी आहे. पत्र्याची किंवा प्लास्टिकची नको. चौकट निखळलेली चालेल, कोपरा उडालेला चालेल, मण्यांची तार असेल तर फारच छान. मागे कुणाचं नाव कोरलेलं असेल तर ते घासू नका. इकडे येणाऱ्या कुणाच्या बॅगेत, दोन साड्यांच्या मध्ये ठेवून पाठवा; पोस्टाने फुटते, हा अनुभव घेऊन झालाय.

तिसरं, हात. लिव्हरपूल, मँचेस्टर, चेस्टर इथल्या मराठी कुटुंबांना आम्ही काही फार लांब नाही. शनिवारी मुलांना घेऊन या. गंज खरवडायला पदवी लागत नाही. फिटर, टर्नर, मिलराइट (गिरणीची यंत्रं बसवणारा) असं काही केलेलं असेल, निवृत्त का होईना, तर तुम्हाला आम्ही सहजासहजी परत जाऊ देणार नाही.

निरोप, प्रश्न किंवा पाटीचा फोटो ज्यांच्याकडून हे पत्र तुमच्यापर्यंत आलं त्यांच्याकडेच द्या. ते माझ्यापर्यंत पोचतं. काम दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा ते तीन. जाड तळाचे बूट हवेत आणि पावसाचं जाकीट, मग हवामानखातं काहीही म्हणो. मुखपट्ट्या आम्ही देतो. त्या लावल्याशिवाय मी कुणाला आत सोडत नाही. चहा समितीचा, डबा आपापला. मागच्या वेळी कुणीतरी थालीपीठं आणली होती आणि तेव्हापासून वेल्श मंडळी तारीख विचारत आहेत.

आपला नम्र,
खजिनदार, गावची खाण-वारसा समिती