नोकरी सोडलीये, पण आधी सगळं वाचा

ती. आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले तर बाबा मध्येच "बरं, ठेवतो" म्हणतील, म्हणून लिहितेय. कंपनी सोडली. लखनौला पीएचडीला जॉइन पण झाले. जेआरएफचे, म्हणजे संशोधनासाठीच्या सरकारी फेलोशिपचे, महिन्याला 37 हजार मिळतात, दोन वर्षांनी 42, त्यामुळे घराचा हप्ता मीच भरणार, त्यावर चर्चा नको. मेसमध्ये पोळी गरम असते, खोलीत गीझर आहे, आई, रडू नकोस.

विषय आहे अश्वगंधेच्या मुळात राहणारे बॅक्टेरिया. मुळाला चिकटलेले नाहीत, आतले, पेशींच्या मधल्या फटींत. बाबा म्हणणार, झाडात जंतू म्हणजे रोगच की. तसं नाही हो, हे भाडं भरून राहतात, कोणी फॉस्फरस विरघळवून देतं, कोणी मूळ वाढायचं हार्मोन बनवतं. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी जखमेवर एक वेल लावायचे, तिच्या आतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या बॅक्टेरियामध्ये 2002 ला नवीन अँटिबायोटिक्स सापडली. मग गुण वेलीचा की आत राहणाऱ्याचा? मला हेच अश्वगंधेत बघायचंय, आणि कंपनीत जन्मभर गोळ्या टेस्ट करून ते कळलं नसतं, खरंच सांगते.

काम म्हणाल तर निम्मं धुण्याचंच. मूळ अल्कोहोलमध्ये, मग हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच ते), मग निर्जंतुक पाण्यात परत परत खळबळायचं, आणि शेवटचं पाणीसुद्धा जंतू वाढवायच्या प्लेटवर टाकायचं, त्यात काही उगवलं तर वरची घाण गेलेली नाही, सगळं पहिल्यापासून. आई तांदूळ धुताना मला ओरडायची ते इथे कामाला आलं 😄

लहानपणी खोकला झाला की तुळशीचा रस आणि मध, आणि मी थुंकू नये म्हणून बाबा खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे. त्या पानांतसुद्धा हे बॅक्टेरिया असणारच बघा.

आता ऐका. बाबा, गुळवेलीचा काढा आजपासून बंद. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस छापल्यात. आयुष मंत्रालय म्हणालं वेल ओळखण्यात गफलत झाली असेल, मग आपल्या कडुनिंबावरची तरी कोणी ओळखून दिलीये? तुम्ही लावलीये, जीव आहे तिच्यावर, माहितीये मला, तोडू नका, फक्त पिऊ नका. या आठवड्यात एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करा, आणि "नॉर्मल आहे" असं तोंडी नको, रिपोर्टचा फोटो पाठवा. आईने काढायचा, बाबांचा अंगठा येतो मध्ये.

तुमची,
चिमी