व्हिक्टर बाऊटला शिक्षा नेमकी कशाची झाली?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय शस्त्रतस्करांविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. मराठीत या विषयावर फारसे लिहिले जात नाही, त्यामुळे लेख छापल्याबद्दल मनापासून आभार. मात्र रशियन शस्त्रतस्कर व्हिक्टर बाऊटवरचा भाग वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. 2008 मध्ये बँकॉकमध्ये झालेली अटक आणि पुढे अमेरिकेत झालेली 25 वर्षांची शिक्षा म्हणजे त्याच्या कृत्यांचा हिशेब चुकता झाला, असा समज लेखातून होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे, आणि ती वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाऊटचा जन्म, बहुतेक नोंदींनुसार, 1967 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत ताजिकिस्तानातील दुशान्बे येथे झाला. मॉस्कोच्या लष्करी परभाषा संस्थेत तो पोर्तुगीज शिकला आणि आफ्रिकेत दुभाष्या म्हणून त्याने काम केले. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा अवजड मालवाहू विमाने धावपट्ट्यांवर पडून होती, वैमानिकांचे पगार थकले होते आणि बल्गेरिया, युक्रेन, मोल्दोव्हा या देशांतील कोठारांत शीतयुद्धासाठी साठवलेला दारूगोळा गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. खराब, कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकणारी इल्यूशिन-76 आणि अँटोनोव्ह ही विमाने स्वस्तात हाती येत होती. बाऊटने ती मिळवली आणि आधी बेल्जियममधील ऑस्टेंड, नंतर संयुक्त अरब अमिरातीतील शारजा येथून आपला व्यवसाय उभा केला.

लेखात त्याला अफाट बुद्धीचा सूत्रधार म्हटले आहे, ते मला पटत नाही. त्याच्याकडे विमाने होती आणि नियमांतील फटी कुठे आहेत हे त्याला ठाऊक होते. बाकीचे काम सरकारी कार्यालयांतील कागदांनी केले. त्याची एअर सेस ही कंपनी लायबेरियात नोंदवलेली होती. लायबेरियाच्या नोंदणीवर प्रश्न उपस्थित होऊ लागताच विमाने स्वाझीलँड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनी अशा देशांच्या नोंदवहीत गेली. विमानाच्या शेपटीवरची अक्षरे बदलली, कंपनीचे नाव बदलले. वैमानिक आणि मालक तेच राहिले. ज्या देशाचा झेंडा विमानावर रंगवला होता, त्या देशातील कोणीही ते विमान तपासले नव्हते.

दुसरा कागद याहून महत्त्वाचा आहे. कोणताही देश शस्त्रे निर्यात करताना खरेदीदार देशाकडून अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र मागतो. ही शस्त्रे आमच्याच सैन्यासाठी आहेत आणि ती आम्ही दुसऱ्या कोणाला देणार नाही, अशी हमी त्या प्रमाणपत्रात असते. अंगोलातील युनिटा या जोनास साविंबीच्या बंडखोर संघटनेवर संयुक्त राष्ट्रांनी 1993 पासून शस्त्रबंदी लादली होती, म्हणजे युनिटाला असे प्रमाणपत्र कोणीही देऊ शकत नव्हते. तरीही जुलै 1997 ते ऑक्टोबर 1998 या काळात बल्गेरियातील बुर्गास येथून टोगोच्या नावे शस्त्रे घेऊन 37 विमानफेऱ्या झाल्या आणि त्या मालाची किंमत सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलर होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी यंत्रणेने डिसेंबर 2000 च्या अहवालात नोंदवले. टोगोसारख्या छोट्या देशाच्या सैन्याला इतक्या शस्त्रांची गरज असण्याचे काही कारण नव्हते. कागदपत्रे तपासली तेव्हा टोगोच्या नावाची प्रमाणपत्रे बनावट निघाली आणि माल अंगोलात युनिटाकडे गेल्याचा निष्कर्ष निघाला. निर्यातीला परवानगी देणाऱ्यांनी टोगोची राजधानी लोमे येथे एक दूरध्वनी करून खात्री केली असती, तर हा मार्ग पहिल्याच विमानापाशी बंद झाला असता. त्या अहवालातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, कारण तिच्यासाठी कोणत्याही गुप्तहेराची किंवा लष्करी कारवाईची गरज नव्हती. अंगोलाच्या 27 वर्षांच्या यादवी युद्धात सुमारे 5 लाख माणसे मेली असे मानले जाते.

बाऊट स्वतः नेहमी म्हणत आला की आपण केवळ वाहतूकदार आहोत, पेट्यांत काय आहे याच्याशी आपला संबंध नाही. या बचावाला वरवर आधार मिळत होता, कारण त्याच विमानांनी फुले आणि गोठवलेले मांस नेले, मदतसामग्री आणि शांतिसैनिकही नेले. ऑगस्ट 1995 मध्ये त्याच्या व्यवसायाशी जोडलेले एक इल्यूशिन-76 काबूलमधील रब्बानी सरकारसाठी दारूगोळा घेऊन जात असताना तालिबानच्या लढाऊ विमानाने ते कंदाहारला उतरवण्यास भाग पाडले. त्यातील सात जण वर्षभराहून अधिक काळ कैदेत राहिले आणि ऑगस्ट 1996 मध्ये तेच विमान उडवून निसटले. या सुटकेची गोष्ट साहसकथेसारखी सांगितली जाते. विमानात काय भरले होते, याचा उल्लेख मात्र ओझरता होतो.

ब्रिटनचे परराष्ट्र राज्यमंत्री पीटर हेन यांनी 2000 मध्ये त्याला मृत्यूचा सौदागर म्हटले आणि ते बिरुद त्याला कायमचे चिकटले. आपल्या लेखाचा मथळाही त्यावरच बेतला होता. या बिरुदाने तो जगाला माहीत झाला हे खरे, पण त्यामुळेच सगळा दोष एका माणसावर साचला आणि त्याच्या विमानांची नोंदणी करणारे, त्याला इंधन आणि विमानतळ देणारे, त्याच्या प्रमाणपत्रांवर शिक्के मारणारे नजरेआड झाले. फेब्रुवारी 2002 मध्ये बेल्जियमच्या विनंतीवरून इंटरपोलने त्याच्याविरुद्ध नोटीस काढली. तो आपल्या देशात नाही, असे रशियाचे अधिकारी सांगत असतानाच तो मॉस्कोतील एका आकाशवाणी केंद्रावर थेट मुलाखत देत होता. 2004 मध्ये लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्याशी असलेल्या संबंधांवरून संयुक्त राष्ट्रांनी त्याच्यावर प्रवासबंदी घातली आणि अमेरिकेने त्याची मालमत्ता गोठवली. त्याच सुमारास त्याच्याशी संबंधित कंपन्यांची विमाने इराकमध्ये अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांचा माल उतरवत होती, आणि ही गोष्ट पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यालाही मान्य करावी लागली. एका खात्याच्या काळ्या यादीतील माणसाला दुसऱ्या खात्याच्या पैशातून भाडे मिळत होते. आपल्या लेखात हा भाग यायला हवा होता.

आता अटकेविषयी. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने कोलंबियातील फार्क या बंडखोर संघटनेचे प्रतिनिधी असल्याचे सोंग घेतलेली माणसे त्याच्याकडे पाठवली आणि 6 मार्च 2008 रोजी बँकॉकमधील एका हॉटेलात शेकडो विमानभेदी क्षेपणास्त्रे, हजारो रायफली आणि स्फोटके पुरवण्याचा सौदा चालू असताना त्याला पकडले. थायलंडच्या न्यायालयाने 2009 मध्ये प्रत्यार्पण नाकारले, वरच्या न्यायालयाने 2010 मध्ये ते मंजूर केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला न्यूयॉर्कला नेण्यात आले. 2 नोव्हेंबर 2011 रोजी ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. 5 एप्रिल 2012 रोजी न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी कायद्याने अनिवार्य असलेली किमान शिक्षा, म्हणजे 25 वर्षे, सुनावली. हा सापळा रचला नसता तर आरोपपत्रातील गुन्हे त्याने केले असते असा कोणताही पुरावा नाही, असेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

सापळा रचणे गैर होते असे मला म्हणायचे नाही. समोरची माणसे अमेरिकी वैमानिकांना मारण्याची भाषा करत असताना तो मागे हटला नाही, हे ज्यूरीपुढे सिद्ध झाले आहे. पण ज्या सौद्यासाठी त्याला शिक्षा झाली, त्यातील एकही गोळी कधी कोठारातून बाहेर पडली नव्हती. ज्या विमानफेऱ्या खरोखर झाल्या आणि ज्यांच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरात आहेत, त्यांच्यासाठी त्याला कोणत्याही न्यायालयाने शिक्षा सुनावलेली नाही. त्याच एप्रिल 2012 मध्ये, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांनी, सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने चार्ल्स टेलर यांना तिथल्या युद्धगुन्ह्यांबद्दल दोषी ठरवले आणि पुढच्या महिन्यात 50 वर्षांची शिक्षा दिली. तिथे हातपाय तोडल्या गेलेल्या माणसांनी साक्ष दिली, आपल्या गावाचे काय झाले ते सांगितले आणि ते निकालपत्रात नोंदले गेले. मॅनहॅटनच्या न्यायालयात अंगोला, लायबेरिया किंवा सिएरा लिओनमधील एकाही पीडिताला असे स्थान नव्हते, कारण आरोप त्यांच्याविषयी नव्हताच. शस्त्रे वापरणाऱ्यावर खटला चालवण्याची वाट सापडली आहे. ती पोहोचवणाऱ्यासाठी मात्र शस्त्रबंदी मोडणे हा कोणत्या देशाच्या कायद्याने गुन्हा ठरतो, इथपासूनच वाद सुरू होतो.

लेखात त्याच्या अस्ताचा उल्लेख आहे, म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. 8 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकी बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर यांच्या बदल्यात अबू धाबीच्या विमानतळावर त्याची सुटका झाली. रशियात परतताच तो एलडीपीआर या पक्षात सामील झाला आणि सप्टेंबर 2023 मध्ये उल्यानोव्स्क प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आला. ग्रायनर सुखरूप कुटुंबाकडे परतल्या याचा आनंद कोणालाही होईल. पण या अदलाबदलीपूर्वी बुर्गासहून निघालेल्या मालाची किंमत चुकवलेल्या कोणालाही विचारण्यात आले नव्हते.

शस्त्र व्यापार करार 2014 च्या डिसेंबरात लागू झाला. दलालीवर नियंत्रण आणि अंतिम वापराची खातरजमा या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. रशियाने त्यावर सहीच केलेली नाही आणि अमेरिकेने सही करूनही मान्यता दिलेली नाही. आपल्या दैनिकाने या मालिकेचा पुढचा लेख या करारावर आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंगोला, लायबेरिया व सिएरा लिओनविषयीच्या अहवालांवर द्यावा, अशी विनंती आहे. ते अहवाल सर्वांसाठी खुले आहेत. त्यांत विमानांचे नोंदणी क्रमांक, उड्डाणांच्या तारखा आणि प्रमाणपत्रांच्या प्रती आहेत, आणि बाऊटखेरीज इतरही अनेक नावे आहेत, ज्यांच्यासाठी बँकॉकच्या त्या हॉटेलात कोणीही खोली घेतली नव्हती.

आपला,
एक नियमित वाचक